पहिल्या बाकावरच्या मावशी

विद्यापीठाच्या गणित विभागात एकापेक्षा एक शिकलेली माणसं होती, पण पाठ घेणाऱ्या मुलामुलींची बोबडी वळायची ती फक्त शिपाई मावशींसमोर.

या विभागातून पुढे शाळेत गणित शिकवणारी मंडळी बाहेर पडत. खऱ्या शाळेत पाठवण्याआधी प्रत्येकाला सोबत्यांसमोर एक सराव पाठ घ्यावा लागे आणि सोबत्यांनी सहावीच्या पोरांचं सोंग घ्यायचं असे. आता गणितात पदवी घेतलेल्या माणसाला अपूर्णांक समजत नसल्याचं सोंग काही केल्या जमत नाही. सगळे माना डोलवायचे, पाठ घेणारा खूश व्हायचा आणि खऱ्या वर्गात पहिल्याच दिवशी तोंडावर आपटायचा.

बावीस वर्षांपूर्वी तेव्हाचे विभागप्रमुख या नाटकाला वैतागले आणि खडूचा डबा घेऊन आलेल्या मावशींनाच त्यांनी पहिल्या बाकावर बसवलं. समजलं नाही तर सरळ सांगायचं, लाजायचं नाही, असं बजावलं. मावशींना समजत नव्हतंच. सातवीत असताना पाऊण भागिले अर्धा याचं उत्तर त्यांनी सव्वा लिहिलं होतं. मास्तरांनी ते सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं, वर्ग पोट धरून हसला आणि मावशी पुन्हा त्या शाळेची पायरी चढल्या नाहीत. अशा बाईला सरकारी पगारात ‘समजलं नाही’ म्हणायचं काम मिळालं, तेव्हा त्यांनी ते मन लावून करायचं ठरवलं.

मुलं झोकात सांगायची, दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. उलटा का करायचा, असं मावशी विचारायच्या. मग मागे बसलेले प्राध्यापकसुद्धा छताकडे बघू लागायचे. पुढे नियमच पडला की मावशी ‘समजलं’ म्हणाल्याशिवाय पाठ पास नाही. मावशींचा मुलगा चारचौघांत सांगायचा, आमची आई युनिव्हर्सिटीत पहिल्या बाकावर बसते. सून म्हणायची, बावीस वर्षं एकाच वर्गात. मावशी दोघांकडे दुर्लक्ष करून जेवत राहायच्या, पण मनातून त्यांना बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी घरात किंवा विभागात कुणालाच सांगितली नव्हती. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी त्या फळा पुसायची फडकी कापत बसल्या होत्या. एक फडकं अर्ध्या मीटरचं. शेवटी पाऊण मीटर कापड उरलं. त्यातून एक फडकं निघालं आणि हातात एक तुकडा राहिला. तुकडा होता पाव मीटर, पण फडकं मात्र अर्धं. म्हणजे दीड फडकं. पाऊण भागिले अर्धा म्हणजे दीड. मावशी फरशीवर बसल्या बसल्या एकट्याच हसत सुटल्या. मग त्यांना थोडं रडूही आलं.

पण हे सांगायची सोय नव्हती. समजलेल्या माणसाला त्या बाकावर कोण कशाला बसवेल? त्या इमारतीत जो तो मावशींना काम सांगायचा. फाइल आणा, पंखा लावा, दार ओढून घ्या. त्यांना काही विचारलं जायचं ते फक्त त्या बाकावर. म्हणून मावशी मूग गिळून बसल्या. अपूर्णांकाचा पाठ आला की दोनदा ‘समजलं नाही’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘हं, आता समजलं’ म्हणून सुटका करायची, असं त्यांनी बसवून टाकलं. ज्या बाईंना नाटक बंद करायला आणलं होतं त्या स्वतःच नाटक करतायत, हे एवढ्या हुशार माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

हे अंगाशी आलं ते एका चष्मेवाल्या मुलीच्या पाठाला. ही मुलगी मुळात अबोल. तिने कागदाची पाऊण मीटरची पट्टी घेतली, त्यातून अर्ध्या मीटरचा तुकडा कापला आणि उरलेला तुकडा वर धरून म्हणाली, “हा कशाने मोजायचा? आधी ज्याने मोजत होतो त्यानेच.” इतकं साधं आणि इतकं नेमकं बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सातवीत असं कुणी सांगितलं असतं तर, असं मावशींच्या मनात आलं आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, “समजलं नाही.”

मुलीने पुन्हा सांगितलं. मावशी पुन्हा नाही म्हणाल्या. तिसऱ्या वेळी हो म्हणायचं होतंच, पण मुलीने तिसरी वेळ येऊच दिली नाही. तिने खडू टेबलावर ठेवला, मला शिकवता येत नाही असं हळूच म्हणाली आणि वर्गाबाहेर गेली. विभागप्रमुख मॅडमनी नापासचा शेरा मारला.

अजून एक संधी होती, आठ दिवसांनी. तीही गेली तर वर्ष वाया. त्यातच ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं की चष्मेवाली कोर्स सोडण्याचा फॉर्म घेऊन गेली आहे. त्याच गणितापायी मावशींनी शाळा सोडली होती आणि आता त्याच गणितापायी त्यांनी एका चांगल्या मास्तरणीला घालवलं होतं. त्या आठवड्यात त्यांना जेवण गोड लागलं नाही. यावेळी पहिल्याच फटक्यात समजलं म्हणायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं. म्हणजे पोरगी पास होईल आणि बाकही राहील.

चष्मेवाली आली. पण ती फळ्याकडे गेलीच नाही. पट्टी घेऊन ती थेट मावशींच्या बाकाशी आली.

“मावशी, आठ दिवस मी विचार करतेय. मागच्या वेळी तुम्हाला नक्की कुठे अडलं होतं? तिथूनच सुरू करू.”

आता नुसत्या ‘समजलं’ने भागणार नव्हतं. कुठेतरी अडल्याचं सांगणं सोपं होतं, ते सव्वा उत्तर तर जिभेवरच होतं. मावशींनी वर पाहिलं. मुलीला घाई नव्हती. ती खरंच वाट बघत होती. बावीस वर्षांत मुलांनी मावशींना तेच तेच मोठ्या आवाजात सांगितलं होतं, पण कुठे अडलं हे एकानेही विचारलं नव्हतं.

“कुठेच अडलं नव्हतं, बाळ,” मावशी म्हणाल्या. “दीड येतं. उरलेला तुकडा पाव मीटर असला तरी आपल्या मापाचा तो अर्धा आहे. मला आठ वर्षं समजतंय. बाक जाईल म्हणून मी खोटं बोलले.”

मॅडमनी चष्मेवालीला पास केलं आणि पाठ संपल्यावर मावशींना बाजूला घेऊन सांगितलं की आता तुम्हाला त्या बाकावर बसवता येणार नाही. मावशी म्हणाल्या, ते मला माहीतच होतं. घरी गेल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं, वर्ग सुटला एकदाचा.

पुढच्या तुकडीला पहिल्या बाकावर बागेतले माळीकाका आले. चौथीपर्यंत शिकलेले, बोटं मातीने भरलेली, ती बाकाखाली लपवून बसलेले. मावशी खडूचा डबा टेबलावर ठेवून निघाल्या होत्या. एका मुलाने भराभरा अपूर्णांक उलटा केला, गुणला आणि विचारलं, समजलं ना काका? काकांनी सगळ्या वर्गाकडे एकदा पाहिलं आणि घाईघाईने मान हलवली. “हो हो. समजलं.”

मावशी दारातच थांबल्या.

“नाही समजलं त्यांना,” त्या म्हणाल्या. “कुठे अडलं ते विचार.”