टोस्टाडा आणि समोरचं दार

तापलेल्या लोखंडी तव्यावर मांसाचे तुकडे पडले आणि चर्र असा दीर्घ ध्वनी स्वयंपाकघरभर पसरला. मागोमाग जिरं, लसूण आणि वितळत्या चरबीचा एक दाट, अनोळखी गंध दरवळू लागला. आखातातल्या या शहरात, अल मनखूल भागातल्या आमच्या घरात इतक्या वर्षांत हा गंध कधी आला नव्हता. हिवाळ्यातली शनिवारची दुपार होती. खिडकीबाहेरचं ऊन इतकं सौम्य, की या वाळवंटाचा स्वभावच बदलला असावा असं वाटावं!

परदेशातलं शिक्षण संपवून माझी लेक मुक्ता नुकतीच परतली होती. मेक्सिकन मैत्रिणीकडून ती टोस्टाडा शिकली होती. मक्याच्या पातळ पोळ्या कडकडीत तळायच्या, त्यांवर घोटलेला राजमा पसरायचा आणि वर खरपूस परतलेलं डुकराचं मांस, कांदा, कोथिंबीर, लिंबू. सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला, मुस्लिमेतरांसाठी म्हणून वेगळी ठेवलेली जी खोली असते, तिथून ती स्वतः मांस घेऊन आली. दूर गेलेली लेकरं आपल्याला अपरिचित अशा भुका सोबत घेऊनच परततात ना? मी एक घास घेतला. कड मोडली, चुरा पदरावर सांडला. चव अप्रतिम होती, हे मान्य करायलाच हवं.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या घरातल्या झुबेदाभाभी दारात उभ्या होत्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, माझ्याहून वयाने मोठ्या. आमच्या दोन स्वयंपाकघरांत वाट्या-डब्यांची ये-जा अखंड चालू असे.

"काय गो, वास पार जिन्यापर्यंत आलाय. मला नाही चाखवणार?"

मुक्ता माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, जस्ट टेल हर इट्स ओव्हर."

संपलं म्हणणं किती सोपं होतं! पण मनात लपवलेलं घेऊन उद्या त्यांच्या शेजारी कसं बसायचं?

"भाभी, पोर्क आहे," मी म्हटलं. "मुक्ताने केलंय."

चौकटीवरचा त्यांचा हात किंचित मागे सरकला. "बरं केलंस सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि समोर जाऊन त्यांनी शांतपणे आपलं दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून सांदणं आली, नेहमीसारखीच मऊ, नारळाच्या दुधाने ओलावलेली. पण नेहमीच्या स्टीलच्या डब्यातून नव्हे. वापरून टाकून द्यायच्या फॉइलच्या डब्यातून.

"दॅट्स सो रूड!" मुक्ता संतापली.

मला तसं वाटलं नाही. आपलं व्रतही मोडू नये आणि शेजारही तुटू नये, अशी वाट कुणी इतक्या निमूटपणे शोधत असेल, तर त्याला उद्धटपणा कसं म्हणावं? तरीही काहीतरी हरवलं होतं. डबा रिकामा परत करू नये म्हणून मी काहीबाही करायची आणि त्या निमित्ताने समोर जाऊन बसायची. फॉइलच्या डब्याला परतीची वाटच नसते. आमची दारं समोरासमोर होती, पण ओलांडायला कारणच उरलं नाही.

अखेर एका संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी समोरची बेल वाजवली. भाभींनी दार उघडलं. त्यांची नजर आधी माझ्या हातांकडे गेली.

"काही आणलं नाही," मी म्हटलं. "सहज आले."

"मग दारात काय उभी? यल्ला, आत ये. चहा टाकते."

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी तो चहा सावकाश प्यायले. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलणं झालं, माझ्या गुडघ्यांविषयी झालं. तव्याविषयी त्याही बोलल्या नाहीत, मीही नाही. निघताना मात्र 'आता तुम्ही या' असं मी म्हटलं नाही. ते त्यांनी ठरवायचं होतं, त्यांच्या वेळेने.