गुडघ्याखालचं प्लास्टर

रुग्णालयात तिला सगळे ‘पायवाल्या मॅडम’ म्हणत. पदवी घेतल्यापासून पंधरा वर्षं ती पायांवरच उपचार करत होती. रुतलेली नखं, कुरुपं, मधुमेहाच्या जखमा. “दिवसभर लोकांचे पाय धरते, घरी मात्र माझं एक ऐकत नाही,” असं नवरा येईल त्याला सांगायचा.

शिंपीकाका तिचे जुने पेशंट. मधुमेहाने त्यांचे तळवे बधिर झाले होते. उजव्या अंगठ्याखाली जखम, आणि शिलाई मशीन चालवताना भार नेमका तिथेच. दुखत नाही म्हणून ते चालवत राहायचे. ती मलमपट्टी करायची, जखम पुन्हा उघडायची. भार पायभर वाटून देणारं गुडघ्याखालचं घट्ट प्लास्टर हा त्यावरचा उपाय होता. पण ते घालायला वेगळी परीक्षा लागते, आणि ती तिने दिलेली नव्हती. तिने काकांना दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे नंबर लागेपर्यंत हाड सडलं आणि अंगठा काढावा लागला.

काका तिलाच धीर देत म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, दुसरा पाय आहे अजून.”

ते तिच्या मनातून जाईना. त्याच आठवड्यात तिने प्लास्टरच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. त्रेचाळिसाव्या वर्षी वर्गात शिरली, तर मुलं शिक्षिका समजून उठून उभी राहिली. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. प्लास्टरच्या आत बारीकशी वळी राहिली होती. बधिर पायाला ती टोचलेली कळणार नाही, आतल्या आत नवी जखम होईल, असं परीक्षक म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून ती वाद न घालता घरी आली आणि सरावाला नवऱ्याचा पाय मागितला.

रोज संध्याकाळी ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, कडक झाल्या की कापायच्या, वळी राहिली का ते आतून बोट फिरवून बघायचं. लग्नात अडकलो तेवढं पुरे नव्हतं वाटतं, असं कुरकुरत नवरा पाय पुढे करायचा. दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

तोवर सगळा भार डाव्या पायावर आल्याने काकांना तिथेही अंगठ्याखाली जखम झाली होती. कपडे शिवायचे खोळंबलेत, असं ते सांगू लागले.

“मशीन बंद, काका. काजं-बटणं बसून हाताने करा. हा अंगठा मी जाऊ देणार नाही.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाय पुढे केला.

दर आठवड्याला ती प्लास्टर कापी, जखम तपासी, नवं घाली. एकदा प्लास्टर उघडलं तर तिथे कोवळी गुलाबी कातडी आली होती. तिने त्यावरून बोट फिरवलं. काकांना स्पर्श कळत नव्हता, ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते.

“भरली,” ती म्हणाली.