पश्चिमेची काच

आमच्या शेजारच्या आर्किटेक्टना मी 'टोपीवाले' म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे कशाला? घरात, जिन्यात त्यांचं टक्कल सर्वांना खुलं असतं. टोपी चढते ती ऑफिसात, तीही दुपारी तीननंतर. त्यांचं टेबल पश्चिमेच्या खिडकीला. तीस वर्षं रोज ऊन थेट डोळ्यांत. काचेला वर्तमानपत्रं चिकटवून झाली, पडदे ओढून दिवसा दिवे लावून झाले, शेवटी टोपी आली. संध्याकाळी जिना चढतात तेव्हा डोळे असे लाल, की नव्या माणसाला वेगळाच संशय यावा. मी तो पसरवलाही होता एकदा, पण टिकला नाही.

जन्मभर ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या इमारतींचे जिने आणि संडास कागदावर काढणाऱ्या या माणसाला, निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना, एक आख्खी इमारत मिळाली. नऊ मजली ऑफिस, काँक्रीट आणि काच. दारातल्या बोर्डावर साहेबांच्या खाली त्यांचंही नाव येणार होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला हे "कुणाला सांगू नका" म्हणून सांगितलं, म्हणजे तासाभरात सगळ्या मजल्यांवर पोचलं.

टोपीवाल्या भाऊजींचा हट्ट एकच. पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर काँक्रीटच्या उभ्या, तिरक्या पट्ट्यांचे पडदे. उजेड आत यावा, ऊन बाहेर राहावं. इमारतीच्या मालकाने अठरा वेळा नकाशा बदलायला लावला. लिफ्ट इकडे घ्या, आता पुन्हा तिकडे घ्या. भाऊजी मान खाली घालून बदलत राहिले, पडदे मात्र सोडले नाहीत. रद्द झालेले नकाशे वहिनी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायच्या. त्यांचा साखरेचा डबा कायम कुणाच्या तरी लॉबीत उभा.

एका रविवारी मी चहाला गेले आणि साखर काढताना खालच्या कागदात नाक खुपसलं.

"भाऊजी, ही रस्त्याकडची बाजू ना? इथं नुसतीच काच?"

"उत्तर आहे ती. तिथं ऊन येत नाही."

"दाताच्या डॉक्टरकडून येताना मी तिथंच बसची वाट बघते. साडेचारला प्लॉटच्या कुंपणाच्या पत्र्याला टेकले की पाठीची इस्त्री होते. तुमच्याकडे सूर्य उत्तरेला मावळतो वाटतं?"

वहिनी हसल्या. मीही हसले. भाऊजींनी कप खाली ठेवला, डबे एकेक करून उतरवले आणि कागद ओढून घेतला. कोपऱ्यातल्या उत्तरेच्या बाणावर बोट ठेवलं.

"चौथ्या बदलाच्या वेळी," ते म्हणाले. "मालक टेबलाच्या पलीकडे बसतात. रस्ता त्यांच्या बाजूला दिसायला हवा होता. आम्ही इमारत कागदावर फिरवली. बाण फिरवायचा राहिला. पडदे त्यानंतर आखले, बाण बघून."

"अहो, पण प्लॉट बघितलात ना तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

"सहा वेळा. मीटिंग कायम सकाळी दहाला. तेव्हा त्या बाजूला ऊन नसतंच."

म्हणजे पडदे चालले होते दक्षिणेला, आणि पश्चिमेला नऊ मजले उघडी काच. दोन मजले उभे राहिले होते. पडदे तिसऱ्या मजल्यापासून, पुढच्या आठवड्यात ओतायचे होते.

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "कुणाच्या लक्षात येणार आहे? दोन वर्षं राहिलीत. नाव लागू दे एकदाचं."

मी चक्क डबे पुन्हा फळीवर लावायला घेतले. अशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

सोमवारी ते साहेबांकडे गेले. पुढचं वहिनींकडून कळलं. साहेब म्हणाले, "आतून पडदे लावतील लोक. तुम्ही कशाला जीव काढता?" भाऊजी म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं तसल्या पडद्यामागे बसलोय." मालकाला सांगावं लागलं. चूक कुणाची, हे मालकाने विचारलंच, आणि साहेबांनी भाऊजींकडे बोट केलं. तीन आठवडे बसून भाऊजींनी सगळं पुन्हा काढलं. टोपी घालून. बोर्डावरचं नाव गेलं. वहिनी त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत, माझ्याशी आठ.

इमारत सुरू झाल्यावर महिन्याने भाऊजींनी जिन्यात विचारलं, "दाताला कधी जाताय?"

दात केव्हाच बरा झाला होता. "उद्या," मी म्हटलं.

साडेचारला आम्ही स्टॉपवर होतो. मी आधी बोर्ड वाचून आले. साहेबांचं एकच नाव, मोठ्या अक्षरांत.

"खाली दोन ओळींची जागा सोडलीय मेल्यांनी," मी म्हटलं. "शोभाच नाही त्याला."

त्यांचं लक्षच नव्हतं. ते खालून वर एकेक मजला मोजत होते. आतले पडदे किती खिडक्यांचे ओढलेत, ते.

"किती?"

"एकही नाही. आणि दिवेही बंद आहेत."

चौथ्या मजल्यावर खिडकीशी एक बाई टाइप करत होती. डोळ्यांवर हात नाही, कपाळाला आठी नाही. आम्ही दोघं तिच्याकडे टकामका बघत राहिलो. तिने बघितलं असतं तर पोलीसच बोलावले असते.

मग ते स्टॉपच्या बाकावर बसले. बाकावर सावली नव्हती, ऊन सरळ तोंडावर. त्यांनी खिशातून टोपी काढून घातली आणि पाय लांब केले.

"बस कधी आहे हो?" त्यांनी विचारलं. "पाय गेले माझे."