नांदगावची रेसिंग सायकल आणि मी सांगून बसलेली किंमत

नांदगावला जाऊन सायकल बघून यायचं ठरवलं आणि माझी झोप उडाली. वय एकाहत्तर, शिक्षण सातवी, सगळं आयुष्य सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेलं. तरुणपणी वाकड्या हँडलची रेसिंग सायकल घ्यायची राहून गेली होती. माझ्यासोबत सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राने नांदगावच्या एका लग्नाला गेला असताना काढलेला फोटो दाखवला. पिठाच्या गिरणीबाहेर एक जुनी सायकल होती. हँडल उलटं बसवून शिंगांसारखं वर केलेलं, मागे पोती ठेवायचं कॅरिअर. गिरणीच्या मालकीण मीनाताई ती भंगारात देणार होत्या.

मी फोन करून सायकलीवरचा नंबर विचारला. त्यांनी चार आकडे वाचले. जुन्या सायकलींच्या एका ग्रुपवर मी ते टाकले, तर तिथल्या एकाने छातीठोक सांगितलं, "परदेशी आहे. चाळीस हजारांचा माल."

आता आली का पंचाईत! न सांगता स्वस्तात घ्यावी तर मन खाणार, सांगावं तर मला परवडणार नाही. शेवटी राहवेना, फोन लावून सांगून टाकलं. त्यांनी भंगारवाल्याला वाटेला लावलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, गिरणीची मोटर जळायला आली हाये. नवी बघून ठेवते."

मग तर मी दोन दिवस धड जेवलो नाही. माझ्या शब्दावर बाई मोटर घ्यायला निघाल्या, आणि तो ग्रुपवाला चुकला असला तर?

नाशिक रोडवरून सकाळची गाडी पकडली. जाणाऱ्यांनी साधं तिकीट काढलं तरी चालतं, मनमाडला बरेच लोक उतरतात आणि पाय पसरता येतात. मी मात्र पिशवी मांडीवरच घट्ट धरली होती. शेजारच्याने विचारलं, "बाबा, पिशवीत काय हो?"

"पाने."

"विड्याची?"

"नट खोलायचे."

तो लासलगावपर्यंत हसत होता. मी खिडकीतून कांद्याच्या चाळी बघत होतो आणि दर स्टेशनला तिकीट आहे ना ते चाचपत होतो.

नांदगाव स्टेशनपासून गिरणी चालत पंधरा मिनिटांवर. मीनाताई पन्नाशीच्या, भुवयांपर्यंत पीठ. "या बाबा! तुमच्या चाळीस हजारांवर कापड झाकून ठेवलंय." दळणाला आलेली एक आजी पिंपावर बसून आमच्याकडे टक लावून बघत होती.

सायकलीवर रंगाचे थरच थर होते. कुठे हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली निळा. ताई म्हणाल्या, "दर खंडेनवमीला मामंजी गिरणीला ऑइलपेंट मारायचे. उरला की सायकलीला." हत्यारांच्या पूजेचा तो दिवस, त्यामुळे सायकलही दरवर्षी नटली. नंबर होता तो हँडलखाली स्क्रूने बसवलेल्या एका गोल पत्र्यावर. आकडे उठावाचे, म्हणून रंगातूनही दिसत होते. मी रॉकेलच्या बोळ्याने पत्रा घासला. आकड्यांच्या वर दोन अक्षरं आली. न. पा.

मी बोळा खाली ठेवला. पूर्वी नगरपालिका सायकलींवर कर घ्यायची आणि कर भरला की असा बिल्ला द्यायची. लावला नाही तर शिपाई सायकल अडवायचा. मी स्वतः असे बिल्ले लावलेत, तरी फोनवर माझ्या डोक्यात आलं नाही.

"ताई, मी चुकलो. हा सायकलीचा नंबरच नाही. टॅक्सचा बिल्ला आहे. चाळीस हजार वगैरे काही नाही."

ताईंनी गिरणी बंद केली.

"म्हंजे मामंजींनी टॅक्स भरला होता, एवढंच कळलं?"

पिंपावरची आजी म्हणाली, "तेबी लय झालं. आमच्यावाल्याने कधीच भरला नाय."

आधी ताई हसल्या, मग मलाही हसू आलं. पण मोटरचं काय? मी म्हटलं, आलोच आहे तर नीट बघू. कॅरिअर आणि स्टँड खोललं. सांगाड्याच्या नळ्यांवर टिचकी मारली, तर आवाज पातळ, घंटीसारखा, म्हणजे नळ्या हलक्या. नळ्या जिथे जुळतात तिथले सांधे कानस मारून निमुळते केलेले. साध्या सायकलीवर एवढी मेहनत कोण घेतो? मग ताईंनीच धान्याच्या काट्यावर चढवायला सांगितलं. बारा किलो. आपली साधी सायकल वीसच्या आसपास भरते. रेसिंगची होती, यात शंका नाही. पण पुढचं चाक आणि पायडल नंतर कधीतरी बदललेली, रंगाखालचं नाव गेलेलं. जुनी सायकल बघायला जाल तेव्हा एवढं तरी बघा, आणि सीटचा दांडा वर-खाली हलतो की गंजून बसलाय तेही. इथला हलत होता, ऑइलपेंटची कृपा.

"माझ्या मते सात हजार," मी म्हणालो.

"भंगारवाला चारशे म्हणत होता. तुम्ही घेणारे का देणारे?"

"घेणारा."

"मग घ्या. मोटर वाइंडिंग करून घेते. नवीला काय सोन्याचं पीठ पडणार हाये?"

मोटर मी खोलून बघितली. खरंच वाइंडिंगवर, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, भागणारं काम होतं. मग ताईंनी शेवभाजी आणि भाकरी वाढली. तिखट इतकी की काळजी करायला सवड मिळाली नाही. सायकल गाडीच्या सामानाच्या डब्यातून आणली. त्यासाठी स्टेशनवर तासभर आधी जाऊन पावती करावी लागते, आणि हँडल गोणपाटात गुंडाळावं.

घरी तीन आठवडे रंग खरवडला. पायडलच्या खाली, नळीच्या पोटावर, कंपनीने ठोकलेला खरा नंबर निघाला. या वेळी ग्रुपवर फोटोसकट टाकला. तिघांचं एकमत झालं: सायकल देशी, पण चांगल्या हातची, नऊ हजारांपर्यंत जाईल. म्हणजे ताईंना मी दोन हजार कमी दिले! बायको म्हणाली, "अहो, आता तरी गप्प बसा." मी लगेच ताईंना फोन लावून ते सांगितलं.

"बाबा, तुम्हाला सौदा करता येत नाय," मीनाताई म्हणाल्या. मागे गिरणी जोरात चालली होती. "सायकल चालवता येते का?"

"येते."

"मग चालवा की!"

त्यांनी फोन ठेवला. मी धोतराचा सोगा खोचला आणि सायकल बाहेर काढली.