हिराक्काचं मरण

सेलूच्या भाजीबाजारात राजेश्रीला कोथिंबीर सरळ हाताने मिळायची नाही. जुडी उचलली, की भाजीवाली तिच्या मनगटावर हात ठेवायची आणि विचारायची, "आधी सांग, त्या पोरीला माहेरी का जाऊ देईनास? बाप आजारी हाय तिचा."

"देते की जाऊ, मावशी. पुढच्या भागात."

"तू? तू आन् जाऊ देशील!" असं म्हणून ती बाई टोपलीतली सगळ्यात सुकलेली जुडी शोधून हातात द्यायची.

राजेश्री ती जुडी घरी आणून नवऱ्यापुढे धरायची. "बघा, आज किती चिडली हुती." दुसऱ्या कुणी पदक दाखवावं तशी. अप्पाराव जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा माणूस, दिवसभर कापसाच्या गाड्या आणि यंत्रांचा घरघराट. घरी आल्यावर त्याला शांतता हवी असायची. तो म्हणायचा, "सुकलेली कोथिंबीर खाऊन खाऊन आपणच सुकायचो एक दिवस."

मोबाईलवर दिसणाऱ्या एका मालिकेत राजेश्री सासूचं काम करायची. सासूचं नाव हिराक्का. डोक्यावर घट्ट पदर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहावा. परभणी जिल्ह्यात पोरंबाळं, म्हाताऱ्या, एसटीचे कंडक्टर, सगळे हिराक्काला ओळखायचे. राजेश्री हे नाव फक्त आधार कार्डावर आणि सासरी उरलं होतं.

नाटकाचं वेड मात्र जुनं. गंगाखेडला शाळेत असताना स्नेहसंमेलनात ती राजा व्हायची, कारण वर्गात तीच सगळ्यात उंच. मिशी काजळाची. एकदा घामाने अर्धी मिशी पुसली गेली आणि समोरचे हसायला लागले, तर हिने उरलेली अर्धी स्वतःच पुसून टाकली आणि म्हणाली, "प्रधानजी, आमी आजपासून राणी." टाळ्या अशा पडल्या, की बाईंनी पुढच्या वर्षी नाटक तिच्याकडे बघूनच निवडलं. पण पुढच्या वर्षी परीक्षा, त्याच्या पुढच्या वर्षी लग्न. मग सेलू, स्वयंपाक, महारुद्रचा जन्म, सासऱ्यांचं आजारपण. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत कुणाकुणाच्या सासूची नक्कल करायची आणि हसून हसून बायकांच्या हातातले तिळगूळ सांडायचे, एवढंच नाटक.

सिद्धोधन लग्नाचे व्हिडिओ काढणारा. शेजारच्या लग्नात हिला मांडववाल्याला झापताना त्याने पाहिलं आणि कॅमेरा नवरदेवावरून काढून हिच्यावर धरला. आठवड्याने घरी आला. "काकू, मी एक मालिका करायलोय. पिंगळीला शेतातलं घर मिळालंय. सासू पायजे."

अप्पाराव पेपरामागून म्हणाला, "घरी फुकट करतीया, तिकडं बी करंल."

सिद्धोधनकडे लिहिलेलं काही नसायचं. सकाळी ओसरीवर चहा पिताना तो नुसतं सांगायचा, "आज सुनेनं न विचारता दूध तापवलं." बस्स. पुढचं राजेश्रीने बोलायचं. तिला शब्द शोधावे लागायचेच नाहीत. बोलून झाल्यावर सून झालेली पोरगी खरंच डोळे पुसायची आणि राजेश्री तिच्यासाठी डब्यातून धपाटं काढायची. पिंगळीच्या स्टेशनावर परतीच्या गाडीची वाट बघताना तिला वाटायचं, आपण आत्ता कुठे बोलायला लागलो.

आणि मग महारुद्रचं लग्न निघालं.

मुलगा चांगला. स्वतःचं औषधांचं दुकान, व्यसन नाही, बोलणं मऊ. हल्ली मुलांची लग्नं जमणं अवघड झालंय हे खरं, पण इथे अडचण वेगळीच होती. पाहुणे यायचे, पोहे खायचे, राजेश्रीकडे चोरून बघायचे आणि चार दिवसांनी निरोप यायचा, पत्रिका जमत नाही. एका मुलीच्या मावशीने तर जाताना स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी आहे का, ते हात लावून पाहिलं. हिराक्काने सुनेला कोंडलं होतं ना, मालिकेच्या एका भागात.

राजेश्रीने मग गोड बोलायचं ठरवलं. गंगाखेडकडचे किशनराव आपल्या आईला, नर्मदाबाईंना घेऊन घर बघायला आले, तेव्हा ती इतकी गोड बोलली, की अप्पारावच दचकला. "घ्या ना मावशी, अजून एक घ्या ना, आमच्या घरी सून म्हंजे लेकच बघा." नर्मदाबाईंनी लाडू ताटलीत तसाच ठेवला. जीपमध्ये बसताना त्या लेकाला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काही लहान नव्हता, "किशन, बाई पक्की हाय. कसं सोंग वठवलं बघितलास?"

कडक बोलावं तर हिराक्का, गोड बोलावं तर सोंग. आता तिसरं तोंड आणायचं कुठून?

पण किशनरावांच्या लेकीला, वैष्णवीला महारुद्र आवडला होता आणि महारुद्र दुकानात गोळ्यांची पाकिटं चुकायला लागला होता. शेवटी किशनरावांचा फोन आला. ते भले माणूस, शब्द चाचपडत बोलले. "आमाला सगळं पसंत हाय. पण म्हातारी म्हणती, भ्या वाटतंय. तवा ते मोबाईलातलं काम तेवढं बंद झालं तर... सुपारी फोडू."

अप्पारावने फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलंच नाही. महारुद्र म्हणाला, "आई, तू कर ग तुझं काम. होईल कुठं तरी." पण म्हणताना तो नखाने टेबलाचा रंग खरवडत होता.

त्यानंतर राजेश्रीला घरात जागा पुरेना. गच्चीवर जायची, पापडाला ऊन लागतंय का बघायची, खाली यायची, परत वर. भाजीला फोडणी दिली की नाही ते आठवायचं नाही. महारुद्रच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही आणि कपाटातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडेही. एका सकाळी तिने सिद्धोधनला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "हिराक्काला मारून टाक."

"काकू?"

"मारून टाक म्हणलं ना. गावाला पाठवली तर लोक म्हणतील परत आणा. मेली की संपलं."

सिद्धोधनने पलीकडे चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मरण तरी झ्याक करू."

पिंगळीच्या ओसरीवर पांढरं कापड अंगावर घेऊन ती झोपली. सून झालेली पोरगी छातीवर पडून रडली, गावातल्या बायका रडल्या. सगळं एका झटक्यात झालं, परत घ्यावं लागलं नाही. उठल्यावर तिने किल्ल्या सिद्धोधनच्या हातात दिल्या आणि स्टेशनाकडे चालू लागली. डबा तिथेच राहिला.

भाग रविवारी संध्याकाळी दाखवायचा होता. रविवारी सकाळपासून राजेश्रीच्या हाताला चैन नाही. दूधवाल्याशी उगीच भांडली. मग मांडणीवरचे सगळे डबे खाली काढले आणि अंगणात घासायला बसली. कापसाचा मोसम, म्हणून अप्पारावला रविवारचीही सुट्टी नव्हती, महारुद्र दुकानात. भर दुपार. तिचे हात राखेत आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हेल काढून रडलं.

"माझे बाई हिराक्का गं... कशी गं गेलीस, बाईऽऽ..."

राजेश्री उठून दाराशी गेली. फटीतून पाहिलं तर जीप उभी. किशनराव डोक्याला उपरणं गुंडाळून, खाली मान. मागे दोन बायका, एकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसरीकडे पिठल्याचा डबा. मौत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी बांधून न्यायचं असतं ते. आणि सगळ्यात पुढे, कपाळ बडवत, नर्मदाबाई.

काय झालं असेल ते तिच्या लगेच ध्यानात आलं. सिद्धोधनने जाहिरातीसाठी गावोगाव फलक लावले होते. वर तिचा मोठा फोटो, फोटोला हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. भागाची वेळ अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. गंगाखेडच्या बसस्टँडसमोर तसले फलक रोज लागतात आणि त्यांवरची माणसं खरंच गेलेली असतात. मौतीची गोष्ट फोनवर विचारणं बरं दिसत नाही, म्हणून यांनी विचारलं नाही. वैष्णवी परभणीला वसतिगृहात. वाईट बातमी पोरीला फोनवर कशाला सांगा, म्हणून तिलाही कळवलं नाही. जीप केली आणि निघाले.

दार उघडायला हवं होतं. कडीवर हात गेलाही होता.

"किती गं खणखणीत बोलायचीस, बाईऽऽ... तुझ्या बोलण्यावर माझा दुपारचा चहा व्हायचा गं... आता मी भर दुपारी कुणाला शिव्या देऊ गं, माझे बाईऽऽ..."

राजेश्रीचा हात कडीवरच थांबला. काजळाची मिशी पुसली त्या दिवसानंतर इतकं उघड उघड तिच्या कामाबद्दल कुणी बोललं नव्हतं. अजून एक ओळ, तिने स्वतःला सांगितलं. फक्त एक.

"अशी गं कशी सून छळायचीस... माझी सासू आठवायची गं मला... तिला काय बोलता आलं न्हाई, ते तुला बोलून घेतलं गं मी..."

इतक्यात शेजारची बायनाबाई गच्चीवरून ओरडली, "अहो आजी, कुणासाठी रडायलाव? राजेश्री तर आत्ता डबे घासायली हुती!"

आता उघडावंच लागलं. राखेने भरलेले हात, एका हातात डब्याचं झाकण, अशी राजेश्री दारात उभी राहिली. भाकरीवालीच्या हातून फडकं सुटलं. किशनरावांनी नमस्कार करायला हात जोडले आणि ते तसेच जोडलेले राहिले.

नर्मदाबाईंचा हेल मधेच तुटला. त्या पुढे आल्या आणि राजेश्रीच्या दंडाला चांगला चिमटा काढला.

"आई गं!"

"जित्ती हाईस?"

"जित्ती हाय, मावशी."

"मग दार उघडायला इतका उशीर का?"

राजेश्रीला खोटं सुचलं नाही. "ऐकत हुते."

"ऐकत हुतीस?" म्हातारीने तिला वरून खाली न्याहाळलं. "भवाने! मी हिथं घसा फोडायले आन् तू दाराआड उभी ऱ्हाऊन ऐकायलीस!" आणि ओसरीच्या कडेला बसून त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतात की हसतात, ते किशनरावांनाही कळेना.

पाणी झालं, चहा झाला. फलकाचा उलगडा झाला. पण भाकरीचं गाठोडं ओसरीवर तसंच पडलेलं, त्याच्याकडे कुणी बघेना. मौतीची शिदोरी. जित्या माणसाच्या घरात ती खायची नसते आणि परत आपल्या घरीही न्यायची नसते.

"गायीला घालू," किशनराव म्हणाले.

"गायीला घाल, पण तेवढ्यानं भागत न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "मौतीचं घेऊन मी ह्या उंबऱ्यात आले. तशीच माघारी गेले तर ह्या घराला लागंल आन् माझ्या जिवाला बी. हिथंच काय तरी चांगलं होऊ द्या. बोलवा पोराला, बोलवा बापाला. सुपारी फोडा."

अप्पाराव जिनिंगमधून तसाच आला, केसांत कापूस. महारुद्र दुकान उघडंच टाकून आला आणि आईला ओसरीवर उभी बघून त्याने दोन वेळा विचारलं, "तू बरी हाईस ना?" पाट मांडला. विड्याची पानं आणली. किशनरावांनी सुपारी पाटावर ठेवली आणि वरवंटा उचलला.

आता गप्प राहिलं की सगळं मिळत होतं. राजेश्रीने महारुद्रकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी निकालाच्या दिवशी व्हायचे तसे. तिला गप्पच राहायचं होतं. आणि तरी ती बोलली.

"थांबा, दादा. आधी सांगते. मी काम सोडणार न्हाई. सोडायला गेले हुते, मेले बी त्याच्यापायी. पण मला न्हाई जमत. तुमच्या लेकीला ह्या घरात कुणी वाकडं बोलणार न्हाई, माझी जबान हाय. पण मोबाईलात मी बोलणार. पटत असंल तर फोडा."

महारुद्रने डोळे मिटले. अप्पाराव केसांतला कापूस काढत राहिला. वरवंटा तसाच वर.

किशनराव आईकडे बघायला लागले. "तूच म्हणली हुतीस ना, काम बंद व्हायला पायजे म्हणून?"

"मी?" नर्मदाबाई उसळल्या. "मी म्हणलं भ्या वाटतंय. बंद कर कवा म्हणलं?"

"अगं, भ्या वाटतंय म्हंजे..."

"भ्या वाटतंय म्हणून तर बघते मी! न्हाई तर काय ठेवलंय त्याच्यात बघायला?" मग त्या राजेश्रीकडे वळल्या. बराच वेळ त्यांनी तिचा चेहरा पाहिला. त्या दिवशीच्या लाडवाच्या वेळी पाहिला होता तसाच, तपासून. "आज गोड बोलली न्हाईस. बरं केलंस. फोड रे, किशन."

वरवंटा खाली आला.

आणि एवढं होतंय तोवर राजेश्रीची नजर घड्याळाकडे गेली आणि ती तशीच उठून अंगणात पळाली. भाग संध्याकाळी जाणार होता. फोन लावला, तर सिद्धोधन दुसऱ्या फोनवर. परत लावला, परत तेच. आतून बायका कुंकवाला हाका मारतायत आणि ही डब्यांच्या पसाऱ्यातून येरझारा घालतेय.

शेवटी त्याने उचलला. "काकू! जो तो फोन करून विचारायलाय, हिराक्का खरंच गेली का म्हणून. काय सांगू?"

"सांग, शुद्धीवर यायली. भाग थांबव. थांबव आधी. मी उद्या पिंगळीला येते, काय करायचं ते तिथं बोलू."

"आन् लोकांनी विचारलं, मेलेली उठली कशी?"

"उद्या बोलू म्हणलं ना!"

दारात नर्मदाबाई कुंकवाची कोयरी घेऊन उभ्या होत्या. "इहीणबाई, कपाळ आणा हिकडं. आन् आता मरायचं न्हाई, सांगून ठेवते. एवढ्या लांब परत भाकरी बांधून येणं मला जमायचं न्हाई."

"आले, आले," राजेश्री म्हणाली, पण फोन अजून कानालाच होता.