मेजरांना मागता येत नव्हतं

"कसं काय मेजर?" असं विचारलं की ते आधी हातातलं असेल ते खाली ठेवायचे, मान ताठ करायचे आणि मग म्हणायचे, "ठीक हाय, भाऊसाहेब." चहाचा कप असला तर कप ठेवायचे, भाकरी असली तर भाकरी. एकदा ते सायकलवरून चालले होते आणि मी सहज विचारून बसलो, तर उतरून, सायकल स्टँडवर लावून "ठीक हाय" म्हणाले. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याची ख्यालीखुशाली विचारायचीच आपल्याला चोरी होते.

मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हेत. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्या धारूर भागात फौजेतून परत आलेला कुणीही मेजरच. सुरुवातीला ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे म्हणे. नंतर कंटाळले आणि मेजर झाले.

आमची गाठ पडली ती सहकारी साखर कारखान्यावर. मी टाईम ऑफिसात कामगारांची हजेरी लावायचो आणि ते फाटकावर पहारेकरी. लागोपाठच्या दुष्काळानं चरकात घालायला उसाचं टिपरूही उरलं नव्हतं. ऊसतोडीची माणसं दरसालसारखी पश्चिमेकडं निघून गेली आणि ऊस टाकायच्या आमच्या गव्हाणीत कबुतरं नांदायला लागली. यंत्रं बंद होती, माणसं मात्र येऊन बसायची, आणि त्या बसण्याची हजेरी मी लावायचो. पाणी नव्हतं, ऊस नव्हता, पण संचालक मंडळाची निवडणूक तेवढी वेळेवर झाली, फटाक्यांसकट.

फाटकाजवळची बाग पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. मेजरांनी वाळकी झाडं उपटून तिथं सारख्या मापाचे दगड रांगेनं लावले आणि त्यांना एकाआड एक चुना आणि गेरू फासला. "पाणी न्हाई तर दगुड तरी नीट दिसू द्या," म्हणाले. चेअरमनसाहेबांनी जीप थांबवून ती आरास पाहिली आणि खूष होऊन विचारलं, "मेजर, काही अडचण?"

मेजरांची चौकी पत्र्याची. दुपारी आत हात टेकवत नसे, आणि पंखा वर्षभर बंद होता. मी चेअरमनच्या पाठीमागं उभा राहून बोट गरागरा फिरवत होतो, म्हणजे पंख्याचं सांगा. मेजरांनी माझ्याकडं बघितलं, मान ताठ केली आणि म्हणाले, "काई न्हाई साहेब."

जीप गेल्यावर मी तडकलो. "अहो, पंखा!"

"त्यांनी इचारलं म्हणून लगीच सांगायचं व्हय?"

"मग विचारतात कशाला?"

"इचारायची रीत अस्ती, भाऊसाहेब. आमच्याकडं फौजेत साहेब सगळ्या कंपनीला उभं करून इचारायचे, कोई तकलीफ? सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, नहीं साब. मग च्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण हसूही आलं, कारण सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर त्या चहाची आठवण आली होती.

मेजर दहावी होऊन भरतीत गेलेले. घरी परत पाठवताना फौजेनं त्यांना एक दाखला दिला होता. इतकी वर्षं चाकरी झाली, तेव्हा यांचं शिक्षण पदवीच्या बरोबरीचं धरावं, असा. हा दाखला म्हणजे मेजरांच्या थट्टेचा हक्काचा विषय. "मी बीएच्या बरोबर हाय बरं का," ते म्हणायचे. "कालेज आतून बघितलं न्हाई, पर बरोबर हाय." तो घेऊन ते बीडच्या कितीतरी कचेऱ्या फिरले. कुणी विचारलं पदवी कशातली, कुणी म्हणालं हा दाखला आमच्या जागेला चालत नाही. शेवटी आमच्या फाटकावर आले, आणि तिथं तर दहावीचीही गरज नव्हती.

एकदा त्यांनी मला फार गंभीरपणे विचारलं, "भाऊसाहेब, तीन वर्सं काय सांगतेत वो कालेजात?" मी बीडलाच बीए झालो, तेही गाईडं वाचून. काय सांगणार? म्हटलं, "बऱ्याच गोष्टी सांगतात." त्यांनी मान हलवली. "आमची उजी जाऊन बघंल," म्हणाले.

उजी म्हणजे उज्ज्वला, त्यांची एकुलती एक लेक. बारावी सायन्सला चांगले गुण मिळाले होते आणि बीडच्या कॉलेजात बीएस्सीला नावही लागलं होतं. अडत होतं ते राहायचं. त्यांचं गाव घाटाखाली आडबाजूला, एसटीचा भरवसा नाही, रोजचं जाणं-येणं शक्यच नव्हतं. शहरात खोली आणि मेस घेणं दुष्काळी वर्षात झेपणारं नव्हतं, आणि एकटी पोरगी ठेवायला तिची आई तयार नव्हती. पण बीडमध्ये सैनिकांच्या मुलींसाठी वसतिगृह होतं. अशाच मुलींसाठी बांधलेलं. जागा मिळाली तर उजी शिकणार, नाही मिळाली तर घरी बसणार, इतका सरळ मामला होता.

मेजर जाऊन अर्ज देऊन आले. तिथल्या कारकुनानं सांगितलं, "नंबर लागला की कळवू." झालं. मेजरांनी घरी येऊन वाट बघायला सुरुवात केली.

कॉलेज सुरू झालं तरी वाट बघणं चालूच. मी रोज टोचायचो. "अहो, असं घरी बसून नंबर लागतो का? लोक आमदाराची चिठ्ठी घेऊन जातात, तळ ठोकून बसतात. जाऊन टेबलापुढं उभे राहा."

"टेबलाफुडं?" ते दचकलेच. "टेबलाफुडं उभं ऱ्हाणं म्हंजे पेशी, भाऊसाहेब. गुन्हा केलेल्याला उभं करतेत तितं. टोपी काढून. मी एवढ्या नोकरीत एकदाबी उभा राहिलो न्हाई."

ही गोष्ट त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितली. मला त्यांचा राग यावा की दया, ते कळेना. आपण सगळे जन्मभर टेबलांपुढंच उभे असतो, रेशनच्या, बँकेच्या, तलाठ्याच्या. आपल्याला त्यात काही वाटत नाही. यांना वाटत होतं.

तेवढ्यात बीडला माजी सैनिकांचा मेळावा ठरला. वरून एक मोठे निवृत्त अधिकारी येणार होते, आणि सैनिकांना व त्यांच्या मुलाबाळांना शिक्षणाच्या ज्या सवलती मिळतात त्या पुरेशा आहेत का, हाच विषय होता. मी म्हटलं, देव पावला. मेजर, उजी आणि मी असे तिघं निघालो. रजा टाकायचा प्रश्न नव्हता, माझी हजेरी मीच लावायचो.

मंडपात धोतर-फेट्यातले, सफारीतले, पदकं लावलेले पुष्कळ फौजी होते. चहापाण्यात सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. शिष्यवृत्ती येते ती पोराचं वर्ष सरल्यावर. राखीव जागा असते, पण जिथं असते तिथं राहायला जागा नसते. दाखला मिळतो, तो कुणी विचारत नाही. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की मेजरांनी बोलायचं, कारण त्यांची अडचण ताजी आणि लेक सोबत आलेली.

अधिकारी चांगला माणूस होता, हे सांगितलं पाहिजे. अर्धा तास बोलला आणि मग म्हणाला, "अब आप बताइए. बच्चों की पढ़ाई में कोई तकलीफ?" मागून दोघंतिघं ओरडले, "मेजर, उठा की!" त्यासरशी पुढच्या रांगेतल्या एका खऱ्या मेजरनं दचकून मागं वळून पाहिलं. मंडपात खसखस पिकली. आमचे मेजर उठले. चष्मा खिशात ठेवला. मान ताठ झाली, आणि ती तशी झाली तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"कोई तकलीफ नहीं, साब."

अधिकाऱ्याला समाधान वाटलं. "बहुत अच्छे," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मग जेवणं झाली.

परतीच्या गाडीत उजी खिडकीशी बसली होती. बाहेर टँकरपुढं भांडी लागलेली. मग ती बापाकडं न बघताच म्हणाली, "बाबा, तुमचं ठीक असंल. माझं न्हाई."

"तितं तसंच म्हणायचं अस्तंय, बाई."

"तितं म्हंजे कुठं? आता कुठं हाय फौज? तुमी साखर कारखान्यात हाव." ती आता त्यांच्याकडं वळली. "मी का म्हून घरी बसायचं, ते तर सांगा."

धारूर येईपर्यंत मेजर समोरच्या सीटची दांडी धरून बसले होते.

मी त्या दिवशी एक गोष्ट समजलो, ती सांगून टाकतो. सवलती देणारे धरूनच चालतात की ज्याला गरज आहे तो मागेल. आणि या माणसाला ऐन उमेदीची सगळी वर्षं शिकवलं होतं की मागायचं नाही. तेव्हा सवलती पुरेशा आहेत का, हे मला विचारू नका. त्या सवलतींपर्यंत पोचायला जे लागतं, तेच फौज काढून घेते.

त्यानंतर मात्र मेजर बदलले. दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं बीडला गेले. संध्याकाळी फाटकावर आले तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"गेलतो. उभा राहिलो टेबलाफुडं."

"मग?"

"यादी भरली म्हणले. आधी यायचं व्हतं म्हणले."

उजीचं ते वर्ष गेलं. ती पाण्याच्या रांगेत उभी राहायची, आईबरोबर भाकऱ्या थापायची आणि बापाशी कामापुरतं बोलायची. मेजर तिच्यासाठी बीडहून जुनी पुस्तकं आणायचे. ती हात लावायची नाही. मग एके दिवशी लावला, असं त्यांनी मला फार आनंदानं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात बारावीचे निकालही लागले नव्हते, तेव्हापासून मेजरांच्या बीडच्या खेपा सुरू झाल्या. त्यांची सुटी मधल्या वारी असायची, त्यातली एकही सोडली नाही. एका कडक दुपारी ते बीडच्या बसस्थानकावर परतीच्या गाडीची वाट बघत असताना कोसळले. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ऊन लागलं म्हणाले, हृदय म्हणाले. मला फोन आला तेव्हा मी हजेरी लावत होतो. त्यांच्या नावापुढं काय लिहायचं ते मला सुचलं नाही. मी गव्हाणीमागं जाऊन रडलो, आणि कारखाना बंद असल्याचा तेवढा उपयोग झाला की तिथं कुणी बघायला नव्हतं.

जूनमध्ये उजी, तिची आई आणि मी वसतिगृहात गेलो. माझ्या मनात पुष्कळ भांडण तयार होतं. पण उजीचा अर्ज पुढं करताच त्यावरचं नाव वाचून टेबलामागचा कारकून उठून उभा राहिला. "मेजरांच्या घरचे ना? बसस्थानकावरचं कळलं आम्हाला. बसा," म्हणाला. मेजर येऊन काहीच बोलायचे नाहीत, नुसते समोर उभे राहायचे, टोपी काखेत धरून, असं त्यानं सांगितलं. "मीच विचारायचो, मुलीच्या जागेसाठी आलात ना? तर हो म्हणायचे."

मग तो खुर्चीत बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आता काळजी करू नका. ज्यांचे वडील नाहीत त्या मुलींना आम्ही सगळ्यांच्या आधी घेतो. खोलीचे पैसेही घेत नाही. नियमच आहे."

उजीनं त्याच्याकडं पाहिलं. "म्हंजे बाबा व्हते म्हणून जागा न्हवती?"

कारकुनानं ड्रॉवर उघडला आणि खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. उजी ती घेईना. हात मागं बांधून उभीच राहिली. "मला नको ही खोली," म्हणाली.

तिची आई तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, टेबलापाशी आली, किल्ली उचलली आणि लेकीची मूठ उघडून तिच्यात ठेवली.

"घे उजे," ती म्हणाली. "बापानं दिलीय म्हण."