लसणाचा पाळणा: पुंडलिकनगर ते लासूर, अन् रिकाम्या हातानं बजाजनगर

आधी तक्रार. रामराम मागून.

माझ्या घरात चार गडी आहेत. चौघांत मिळून पाच गाड्या. पणती नऊ दिवसांची झाली, बाराव्या दिवशी तिचं बारसं, अन् गावाकडून पाळणा आणायला चौघांतला एकही मोकळा नाही. एकाला मीटिंग, एकाची पाठ धरलेली, एकाची गाडी सर्व्हिसिंगला, अन् चौथा म्हणजे बजाजनगरात राहणारा, पणतीचा बाप गणेश. तो म्हणतो, "आजी, पाळणा ऑनलाइन मिळतो, बटण दाबलं की आपोआप हलतो." म्हटलं, पोरगी पण ऑनलाइनच मागवायची होतीस.

आता रामराम. हे पान माझ्या नातीचं, प्रियंकाचं. ती इथं मनालीच्या बर्फाचे फोटो टाकते. मी चौथी शिकलेली. मी वहीत लिहिलं, तिनं टाइप केलं. माझी भाषा सुधारशील तर तुझ्यासाठी स्थळं बघायला लागेन, असं तिला बजावलंय. तिनं एक अक्षर हलवलेलं नाही.

पाळण्याचं आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी लाकडासाठी का मरते. आमच्या गावाला एकच पाळणा. सागवानी, माझ्या आजेसासऱ्यानं करून घेतलेला. ज्या घरी बाळ, त्या घरी पाळणा. पुढचं बाळ दुसऱ्या घरी झालं की ते लोक येऊन घेऊन जातात. बाळाला आत घालायच्या आधी पाळण्याच्या कडेला एक पितळी खिळा ठोकायचा. एक बाळ, एक खिळा. पुढं ते बाळ जगो की जावो, खिळा काढायचा नाही. माझे त्यात सात आहेत. जगले चार. बाकीच्या तिघांचा दुसरीकडं कुठं काही लेखी पुरावा नाही. म्हणून पणतीचा खिळा त्याच पाळण्याला बसावा, एवढा माझा हट्ट. गुलमंडीवरून नवा पितळी खिळा घेतला, पदराच्या गाठीत बांधला अन् निघाले.

पहिला दिवस

पुंडलिकनगरातून स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून सकाळची पॅसेंजर. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट असते, तेवढ्यासाठी तरी जगून घ्या. पण प्रियंका म्हणाली प्रवासवर्णनात रेल्वे बरी दिसते, म्हणून रेल्वे. डाव्या-उजव्या खिडकीची भानगड ठेवू नका, मिळेल तिथं बुड टेकवा.

दौलताबाद आलं. किल्ला जागच्या जागी. ह्या मुलखात न हललेला तो एकटाच. एका बादशहानं म्हणे अख्खी दिल्ली उचलून इथं आणली होती अन् मग परत नेली. त्यात किती मेले ते कोण मोजतंय. माणसं इकडची तिकडं करायचा धंदा आमच्याकडं जुना आहे.

समोरच्या बाईनं विचारलं, "आजी, कुठं निघाल्या?"

"पाळणा आणायला."

"ह्या वयात?"

"माझ्यासाठी नाय गं बाई."

सगळा डबा ऐकेल एवढ्यानं हसली. पोटूलला उतरताना मला दोन पेरू देऊन गेली.

लासूर स्टेशनला उतरलात तर बाजाराच्या दिवशी उतरा. धक्के बसतील, पण भजी ताजी मिळतात. चहा पाण्यासारखा होता, पण गरम होता. तिथून काळीपिवळी जीप. ड्रायव्हर सोळा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, अन् गावाकडं जायला सोळा माणसं काही जमेनात. पाऊण तास बसलो. शेवटी तोच म्हणाला, "मावशे, तिकडून येताना गाडी भरती, जाताना नाय भरत." आमच्या गावाची सगळी हकीकत त्यानं एका वाक्यात सांगितली. गावाचं नाव लिहीत नाही. भावकी वाचते.

फाट्यापासून घरापर्यंत चालत गेले. वाटेत एकवीस दारं, त्यातल्या बारांना कुलूप. एका कुलपावर गांधीलमाशांनी घर केलेलं. चला, कोणीतरी राहतंय.

पाळणा सध्या माझ्या धाकट्या जावेकडं, कौसाकडं. शेवटचं बाळ ज्या घरी झालं ते घर कुलूप लावून गेलं, जाताना पाळणा तिच्याकडं ठेवून गेलं. नवरा गेलेला, सोबत शेंडेफळ बंडू. पोरगा छत्तिशीला आलाय. दहा एकर वावर आहे, विहिरीला पाणी आहे, बायको नाही. शेती करणाऱ्याला पोरी देत नाहीत. कंपनीत झाडू मारणाऱ्याला देतात.

कौसानं येसर आमटी अन् बाजरीची भाकरी केली होती. येसर आमटी खायची तर भाकरी काल्यासारखी कुस्करून खा, चमच्यानं खाणाऱ्याचं तोंड पाहू नये. दोन भाकरी झाल्यावर मी विषय काढला.

"पाळणा कुठंय?"

"पडवीत टांगलाय. तीन वर्षं झाली, गावात बाळच नाय आक्का."

जाऊन बघते तर पाळण्यात लसणाच्या गड्ड्या.

"कौसे, बारसं कोणाचं? लसणाचं?"

"वारं लागतंय तिथं. कीड लागत नाय."

"बरं. उद्या घेऊन जाते. गणेशच्या पोरीला."

कौसाचा हात थांबला. "तसं न्हाई जमायचं. पाळणा शिवेबाहेर जात नाय. गेला तर गावाची कूस बंद होती."

"आता काय उघडी हाय?"

मला कळत होतं. तिला गावाच्या कुशीची पडलेली नव्हती. पाळणा घरात आहे तोवर बंडूचं काहीतरी जमेल, एवढंच तिचं गणित. पण मी पण पणतीसाठी आले होते. दया दाखवली असती तर हात हलवत परत जावं लागलं असतं.

लसूण बाजूला काढला, चष्मा लावला अन् पाळणा पुढ्यात घेऊन बसले. शाळेत मला गणित आलं नाही, पण खिळे वाचता येतात. वरच्या ओळीत माझ्या सासूचे नऊ. जगले तीन. तेव्हा घरोघर हेच. पटकी, देवी, नाहीतर नुसता ताप. आठ यायची, पाच जायची. गळका रांजण वरून कितीही भरा, पाणी तेवढंच. गाव पिढ्यान् पिढ्या तेवढंच राहिलं. मग माझ्या वेळेला टोचायला नर्सबाई यायला लागली. पोरं मरायची थांबली, पण बाया बाळंत व्हायच्या कशा थांबणार? सवय लागलेली. खिळे पहिल्यासारखेच दाट, अन् माणसं दुप्पट. वाटण्या होऊन होऊन वावरापेक्षा बांध जास्त झाले. मग ऑपरेशनची शिबिरं आली. माझ्या सुनांचे दोन-दोन खिळे अन् खेळ खल्लास. मग वाळूजला कंपन्या आल्या, अन् खिळे ठोकणारेच बिऱ्हाड उचलून गेले. शेवटची ओळ अर्धी मोकळी.

आता ह्यात दोन खिळे लोखंडी आहेत. मी कौसाला जवळ बोलावलं.

"हे लोखंडी का, म्हाईत हाय?"

"पितळ सरलं असल."

"पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट. रझाकारांच्या भीतीनं सगळं गाव सरहद्दीपलीकडं येवल्याकडं पळालं. सासूबाईंनी भांडी टाकली, पाळणा गाडीत घातला. तिथं दोन पोरं झाली. परमुलखात पितळ कोण देणार, म्हणून नालाचे खिळे ठोकले. त्यातला हा दुसरा खिळा म्हणजे तुझा नवरा."

कौसानं त्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"पाळणा शिवेबाहेर गेला, दोन खिळे घेऊन परत आला. गावाची कूस बंद झाली का? अन् तुझा नवरा शिवेबाहेर जन्मला, म्हणून गावानं त्याला टाकलं का?"

"तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकलंय," ती म्हणाली. "न्या." अन् लसूण परातीत भरायला लागली, जरा जोरातच.

भरता भरता तिनं सांगितलं, की शिरगणतीवाला येणार आहे. "काय सांगायचंय त्याला? मी, बंडू, अन् दोन म्हशी."

दुसरा दिवस

बंडूचा छोटा हत्ती टेम्पो कांदे घेऊन लासूरला निघाला. गोण्यांवर पाळणा बांधला. पुढं बंडू, मी अन् कौसा. तिला शिवेवर नारळ फोडायचा होता. पाळण्याला निरोप. मी म्हटलं फोड, खोबरं वाटेत खाऊ.

शिवेला लागून कौसाचंच कापसाचं रान. बंडूनं गाडी थांबवली. इंजिन बंद झालं अन् लहान लेकरू रडल्याचा आवाज आला. गावात तीन वर्षं बाळ नाही, हे मी काल रात्री जेवताना ऐकलं होतं.

पत्र्याच्या शेडपाशी गेले. बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी, आत मूठभर पोर. आई कापूस टाकून धावत आली. रेमा नाव तिचं, सेंधव्याकडची. नवरा बंडूकडं सालगडी. दुसरं साल चालू आहे त्यांचं.

"कब हुई?" मी विचारलं.

"दिवाळी के बाद. बुधवार को. इसलिए बुधली."

"अस्पताल में?"

"हां. बंडूभाऊ गाडी में ले गया लासूर."

मी बंडूकडं पाहिलं. तो टायरला लाथ मारून हवा तपासायला लागला. हवा चांगली होती.

"कौसे," मी म्हटलं, "गावात बाळ नाय म्हणालीस."

"अवो आक्का, ते परकं हाय. ते काय आपल्या गावचं थोडंच?"

"तू कुठली?"

"मी? वैजापूरची."

"मी कन्नडची. सासूबाई पैठणकडच्या. अख्ख्या गावात ह्याच गावात जन्मलेली एक सून दाखव. गावच्या पोरी बाहेर दिल्या, बाहेरच्या आत आणल्या. आपण सगळ्या परक्या बायांनीच हे गाव पिकवलंय. वैजापूरहून आलीस तर मालकीण, अन् सेंधव्याहून आली तर परकी? अन् हिचं पोर तर तुझ्याच रानात वाढतंय. तुझ्या लसणापेक्षा तरी जवळचं हाय."

कौसा नारळ हातात धरून उभी. मला वाटलं आता तोच माझ्या डोक्यात घालते.

खरं सांगते, इथं माझी पंचाईत झाली. भांडण जिंकायच्या नादात मी मलाच हरवून बसले होते. पाळणा पुढच्या बाळाच्या घरी जातो, हा नेम. पुढचं बाळ बुधली. माझ्या पणतीच्या दोन-अडीच महिने आधीची. पाळणा माझ्या गाडीत अन् नेम माझ्या तोंडात. गप बसून गाडीत चढता आलं असतं. बंडूनं चाबी फिरवली पण होती.

"सोड दोर," मी म्हटलं.

"आक्का, अन् गणेशला काय सांगाल?"

"माझं मी बघते. तू आधी लसणाची टरफलं झटक."

कौसानं पदरानंच पाळणा पुसला. वास काही गेला नाही. शेडच्या आढ्याला बंडूनं टांगला, दोनदा ओढून बघितला. पदराची गाठ सोडून मी पितळी खिळा काढला अन् मोकळ्या ओळीत दगडानं ठोकला. जरा तिरपा बसला. रेमा विचारत होती, कितने दिन रखना है. कौसाच बोलली, "अगली बेटी या बेटा होगा किसी को, तब तक. उसके घर देना. नियम है." अन् नारळ फोडला. आम्ही चौघींनी खोबरं खाल्लं. चौथीनं नुसतं चोखलं.

तिसरा मुक्काम, बजाजनगर

लासूरहून गंगापूर अन् गंगापूरहून वाळूज, दोन्ही एसट्या. रस्ता बरा आहे, स्पीडब्रेकर सोडले तर. म्हाताऱ्या माणसांनी मागच्या सीटवर बसू नये, मणके पुढं येतात.

बजाजनगरात उतरलं की गावाचं उलटं. दोरीवर लंगोट, बाळंत्या, कंपनीचे निळे शर्ट, परत लंगोट. गणेशच्या गल्लीत बीडचे, परभणीचे, जळगावचे, बिहारचे. एका नळावर चार भाषांत भांडण. म्हातारं माणूस म्हणून मी एकटीच. त्यामुळं इथं मरत कोणी नाही, जन्मतातच नुसते. मरायला सगळे आपापल्या गावी जातात. गावं म्हातारी होतात अन् ही गल्ली कायम पंचविशीत.

गणेश दारातच. "आजी, पाळणा?"

"दुसरीकडं लागला."

नातसुनेचं तोंड उतरलं. "आजी, सगळ्यांना सांगितलं होतं मी, जुना पाळणा येणार म्हणून."

"टांगला कुठं असता, दाखव."

तिनं वर पाहिलं. खोली भाड्याची, छताला कडी एकच, त्या कडीला पंखा. गणेशनं पण वर पाहिलं. गावात कडी आहे तर बाळ नाही, इथं बाळ आहे तर कडी नाही. चार गडी, पाच गाड्या, अन् छत कोणी बघितलं नव्हतं. मी पण नाही.

बारसं माझ्या मांडीवर झालं. नाव ठेवलं आर्या. त्या गल्लीतली ती चौथी आर्या आहे. हाक मारली की चार घरांतून रडणं येतं. घुगऱ्या चांगल्या झाल्या होत्या.

आता पुंडलिकनगरात बसून लिहितेय. माझ्या सात खिळ्यांच्या खाली माझ्या पणतीचा नाही, बुधलीचा खिळा आहे, अन् तो तिरपा आहे. हे मला टोचतं. टोचू दे. प्रियंका म्हणते, शेवटी वाचकांना एखादा सल्ला द्यायचा असतो. माझ्याकडं सल्ला नाही, हुकूम आहे, अन् तो वाचकांना नाही. बंडू हे फोनवर वाचतो, त्यानं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं.

शिरगणतीवाला दारात आला, की बंडूनं पुढं व्हायचं नाही. गावात माणसं किती, ह्याचं उत्तर कौसानं द्यायचं. म्हशी सोडून मोजायचं. सुरुवात शिवेवरच्या शेडपासून करायची, अन् पहिलं नाव बुधलीचं सांगायचं.